थांबणारा बॉल

"हा पाण्यातला तर न्हाई ना, अंकुश?"

दाजींनी बॉल दोन बोटांत धरून उन्हाकडे केला होता. हातभर अंतरावर देवधर साहेब उभे होते, माझ्या टपरीवरच्या डब्या एकेक उचलून बघत.

"न्हाई दाजी," मी म्हणालो. "कोरा हाय. डबी तुमच्यासमोरच फोडली की."

बॉल पाण्यातलाच होता. अठराव्या होलच्या तळ्यातून मी स्वतः काढलेला. गाळात किती महिने रुतून बसला होता ते त्या तळ्यालाच ठाऊक.

तेव्हा माझं वय सव्वीस. खडकमाळच्या गोल्फ क्लबच्या फाटकासमोर माझी पत्र्याची टपरी होती आणि बॉल विकणं हा माझा धंदा. साहेब लोकांचे चुकलेले फटके तळ्यात पडायचे. आठवड्यातून दोनदा, मैदान उघडायच्या आत, मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी ते चाचपून काढायचो. सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, दात घासायच्या ब्रशनं घासायचे, छाप शाबूत असेल तेवढे वेगळे काढायचे आणि त्यांच्यावर पातळ वॉर्निशचा एक हात फिरवायचा. साहेब लोक रिकाम्या डब्या कपडे बदलायच्या खोलीत टाकून जात, त्या तिथल्या झाडूवाल्याकडून मला मिळत. तीन बॉल आत घातले, झाकण चिकटवलं की झाला माल कोरा. मुंबईच्या विमानतळावर माझा एक माणूस आहे, अशी थाप मी सगळ्यांना मारून ठेवली होती. एरवी कागदावरचा स्वल्पविराम तपासणारी माणसं, पण स्वस्तातली डबी दिसली की त्यांची अक्कल गहाण पडायची.

निवडण्यात मात्र मी लबाडी करत नव्हतो, हे आजही सांगतो. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याचं मनगट बघायचो, खिसा नंतर. ज्याचा हात संथ, त्याला टणक बॉल देऊन उपयोग नाही, दगडावर काठी आपटल्यासारखे हात झिणझिणतात. नवशिक्या दिवसाला चार बॉल हरवणार, त्याला महागाचा बॉल म्हणजे गाढवाला गुळाची चव. आणि ज्याला बॉल ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या त्या गुळगुळीत हिरवळीवर, पडल्या जागी थांबवायची कला आहे, त्यानं पदराला खार लावून का होईना, मऊ सालीचाच घ्यावा. टणक बॉल लांब जातो आणि वर्षभर टिकतो, पण पडला की घरंगळत सुटतो. मऊ बॉल दोन खेळांत फाटतो, पण ऐकतो. हे सगळं मला दाजींनी शिकवलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सिंधूअक्काचे यजमान, लक्ष्मण थिटे. क्लबातले सगळ्यात जुने कॅडी. कॅडी म्हणजे साहेबाचं काठ्यांचं किट खांद्यावर घेऊन अठरा होल चालणारा, कुठली काठी घ्यायची ते सांगणारा आणि चूक झाली की शिव्या खाणारा माणूस. बाकीचे कॅडी आपल्या साहेबाचा बॉल झाडीत हरवला की विजारीच्या फाटक्या खिशातून हळूच दुसरा बॉल पायाशी सोडायचे आणि "सापडला, सापडला" म्हणून ओरडायचे. दाजींनी ते कधी केलं नाही. एकदा तर भर स्पर्धेत त्यांच्याच देवधर साहेबांनी सहा फटके सांगितले, तेव्हा हे मागून म्हणाले, "साहेब, सात. एक वाळूतला राहिला." असा माणूस. त्यांच्याबद्दल मला आदर होता आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही होती.

त्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या मे महिन्यात, दाजींना चाळिसावं सरत होतं. उजव्या गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टरांनी ओझं बंद करा असं सांगितलं होतं, आणि ओझं हाच तर धंदा. त्यातच क्लबानं जाहीर केलं की यंदाची कॅडी लोकांची वार्षिक स्पर्धा जो जिंकेल त्याला सराव मैदानावर शिकवायच्या कामाला घेणार. पगार, वरून राहायला खोली, आणि जन्मभर खांद्यावर किट नाही. अट एकच, वय चाळिशीच्या आत. म्हणजे दाजींना हीच एक संधी होती, पुढच्या मे महिन्यात ती नव्हती.

खेळात त्यांच्या तोडीचा एकच होता, पोपट साळवे, तेवीस वर्षांचा, बैलासारखा. तो बॉल टोलवायचा लांब. दाजी टोलवायचे नेमका.

म्हणून ते स्पर्धेच्या आदल्या दिवशी माझ्या टपरीवर आले होते.

"उन्हानं ग्रीन दगडावाणी झाल्यात," ते म्हणाले होते. "माझा टणक बॉल तिथं ठरंना. मला थांबणारा बॉल पायजे. तू निवड. नवा दुकानातनं घ्यायचा तर पाच दिवसांचं ओझं त्यातच जातंय."

मी रांगेतली मऊ बॉलची डबी फोडून त्यांच्या हातात दिली, तेवढ्यात देवधर साहेब येऊन उभे राहिले, आणि तेवढ्यात दाजींनी तो प्रश्न विचारला.

देवधर साहेब क्लबाच्या कमिटीवर होते. फाटकाच्या आत, गाड्या लावायच्या जागेला लागून एक पक्का गाळा रिकामा होता. त्यासाठी मी अर्ज केला होता आणि पुढच्या आठवड्यात त्यावर साहेबांची सही व्हायची होती. गेलं वर्षभर साहेब माझ्याकडून याच रांगेतल्या डब्या नेत होते. मी दाजींना "व्हय, पाण्यातला हाय" म्हणालो असतो तर गाळा राहिला बाजूला, टपरीसुद्धा उचलावी लागली असती. मी मनात म्हटलं, आता नाही म्हणून वेळ मारून नेऊ, संध्याकाळी घरी जाऊन सांगू.

दाजींनी बॉल परत डबीत घालून डबी खिशात टाकली. पैसे मी घेतले नाहीत. घरच्या माणसाकडून कसे घेणार, म्हणालो. तेवढाच माझा मोठेपणा.

संध्याकाळी मी अक्काकडे गेलो. दार उघडंच होतं. देव्हाऱ्यासमोर ताटलीत तिन्ही बॉल ठेवलेले होते, प्रत्येकावर कुंकवाचं एक बोट. दाजी गुडघ्याला तेल चोळत बसले होते.

"आलास? बरं झालं," अक्का म्हणाली. "उद्या किट तूच उचल ह्यांचं. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

"मी कसा?"

"मग कोण? आपलं माणूस बरोबर असलं की धीर येतो."

मी दाजींकडे बघितलं. "दाजी, जरा बोलायचं व्हतं."

"बोल की."

अक्का पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच उभी. मला वाटलं, दाजींना कळलं की ते उद्या सकाळी आधी देवधर साहेबांकडे जाणार आणि म्हणणार, साहेब, माझ्या मेहुण्यानं तुम्हाला वर्षभर फसवलंय. भर स्पर्धेत साहेबाचा सातवा फटका मोजणारा माणूस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

"कितीला यायचं उद्या?" मी विचारलं.

"साडेसहाला ये."

येताना वाटेत मी माझी समजूत घालत आलो. पाण्यात राहिलेला बॉल फार तर सात-आठ पावलं कमी जातो. दाजींचा हात एवढा तयार, दोन होलमध्ये सांभाळून घेतील. अठरा होलचा सगळा खेळ, त्यात सात-आठ पावलं ती काय.

स्पर्धेच्या दिवशी मैदान साहेब लोकांना बंद असतं. त्या दिवशी ते आपापलं किट कॅडीला खेळायला देतात, सावलीत चहा पितात, आवडत्या कॅडीमागून थोडं चालतातही. देवधर साहेब टोपी घालून पहिल्या होलपासून आमच्या मागं चालत होते. दाजींनी गुडघ्याला बँडेज गुंडाळलं होतं. कॅडी लोकांच्या बायका तारेच्या कुंपणापाशी कडुनिंबाखाली बसल्या होत्या, त्यांत अक्काही होती.

पहिले चार होल काही कळलं नाही. जमीन इतकी कडक की बॉल कमी उडाला तरी पळून भरपाई करायचा. ग्रीनवर मात्र तो पडल्या जागी बसत होता. दाजी खूश होते. "थांबतोय बघ," ते मला म्हणाले. "निवडलास खरा."

पाचव्याला बॉल ग्रीनच्या अलीकडे वाळूत पडला. दाजींनी काठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बॉल मंद वाटतोय का रं?"

देवधर साहेब चार पावलांवर रुमालानं मान पुसत होते.

"वारा व्हता समोरून," मी म्हणालो. "तुम्हाला जाणवला न्हाई."

अकराव्याला तेच झालं. या वेळी दाजींनी काही विचारलं नाही, नुसती गुडघ्यावर एक थाप मारली. "ह्याच्यावर आता काय भरवसा ठेवायचा."

"व्हय," मी म्हणालो. "जोर पडंना तुमचा."

हे माझ्या तोंडून गेलं. बॉलचं पाप मी त्यांच्या गुडघ्यावर टाकलं आणि त्यांनी ते बिनतक्रार घेतलं. पुढचे सहा होल ते लंगडत, दात खाऊन खेळले. वाळूतून, गवतातून, कुठून कुठून बॉल झेंड्याजवळ आणून ठेवला. तसा खेळ मी नंतर कुणाचा बघितला नाही. अठराव्या होलवर आलो तेव्हा पोपटचा खेळ संपला होता आणि तो पलीकडे क्लबाच्या पायरीवर बसून सरबत पीत होता. आकडे सगळ्यांना पाठ होते. दाजींनी या होलला तीन फटके घेतले तर नोकरी त्यांची. चार घेतले तर बरोबरी, पुन्हा खेळायचं. पाच घेतले तर पोपटची.

अठरावा होल छोटाच आहे. या कडेला आपण, त्या कडेला ग्रीन, मधे तळं. एकशे चाळीस पावलं बॉल हवेत राहिला पाहिजे. तळ्यात गेला तर एक फटका दंड आणि पुन्हा इथूनच मारायचं. पलीकडे कुंपणाशी बायका उठून उभ्या राहिल्या होत्या.

"सात नंबर दे," दाजी म्हणाले.

काठीचा आकडा जेवढा लहान तेवढा बॉल लांब जातो. मी सात नंबर काढली नाही.

"दाजी, सहा घ्या."

"का?"

"सहाच घ्या. ऐका माझं."

"सहा मारला तर मागच्या बाभळीत जाईल. सात माझा हितनं नेमका बसतो, वीस वरसं मारतोय. आणि वारा तर पडलाय." खरंच पडला होता. पलीकडचा झेंडा दांडीला चिकटून लोंबत होता.

"गुडघा दुखतोय तुमचा."

"ह्यो फटका मनगटाचा हाय, गुडघ्याचा न्हाई." ते माझ्याकडे बघत राहिले. "काय झालंय तुला?"

देवधर साहेब अगदी मागं उभे होते. कुणी श्वास घेतला तरी ऐकू यावा एवढी शांतता होती. मला तीनच शब्द बोलायचे होते. बॉल पाण्यातला हाय. ते बोललो असतो तर दाजींनी सहा नंबर घेतली असती, किंवा साहेबांकडून नवा बॉल मागून घेतला असता, आणि पुढं काय व्हायचं ते झालं असतं.

"काय न्हाई," मी म्हणालो, आणि सात नंबर त्यांच्या हातात दिली.

फटका अप्रतिम बसला. काठी बॉलला लागल्याचा आवाजच सांगत होता. बॉल सरळ झेंड्याच्या रेषेत चढला. पायरीवरचे साहेब लोक टाळ्या वाजवायला लागले, पोपट उठून उभा राहिला. मी बॉलकडे बघत नव्हतो, मी पलीकडच्या काठाकडे बघत होतो. काठाच्या दोन हात अलीकडे पाणी उडालं. टाळ्या थोडा वेळ तशाच वाजत राहिल्या, मग थांबल्या.

दाजी जागचे हलले नाहीत. काठी खांद्यावर तशीच होती. मी डबीतला दुसरा बॉल काढून पुढं केला. त्यांनी माझ्या तळहाताकडे बघितलं, बॉल घेतला नाही. स्वतःच्या विजारीच्या खिशात हात घातला आणि त्यांचा रोजचा टणक, खरचटलेला बॉल काढला. तो खाली ठेवला. काठी बदलली नाही, तीच सात नंबर. त्याच जागेवरून, तेवढ्याच जोरात मारला.

बॉल तळं ओलांडून ग्रीनवर आदळला आणि टणक बॉलच्या स्वभावाप्रमाणे घरंगळत पार मागच्या कडेला गेला.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. हिशेबात कुठं चुकलं ते कळल्यावर माणूस बघतो तसं बघितलं आणि चालायला लागले.

मागच्या कडेवरून बॉल भोकात गेला असता तर बरोबरी होती. तो भोकाच्या ओठाला लागून वीतभर पुढं गेला. मग तो त्यांनी आत ढकलला. पाच. दाजींनी टोपी काढून पोपटशी हात मिळवला, त्याच्या पाठीवर थाप मारली, मग माझ्यापाशी आले.

"किट पुसून साहेबांच्या गाडीत ठेव," ते म्हणाले. "काठ्या ओल्या ठिवू नको."

कुंपणापाशी अक्कानं सरबताचा पेला आधी माझ्यापुढं केला. "तू तरी किती पळलास सकाळपासनं. जाऊ दे, नशिबात नव्हतं." तिचे डोळे लाल होते, पण ती रडली नाही. मी सरबत प्यालो. तहान लागलीच होती.

पुढच्या आठवड्यात मला गाळा मिळाला.

दाजी पुन्हा किट उचलायला लागले. मी बॉलबद्दल बोललो नाही, तेही बोलले नाहीत. माझ्या मनानं सोयीचा अर्थ काढला की त्यांना कळलंच नसावं, तो दुसरा बॉल त्यांनी सवयीनं काढला असावा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाराव्या होलच्या उतारावर ओल्या गवतात त्यांचा गुडघा दगा देऊन गेला. किट पाठीवर असतानाच पडले. खुब्याचं हाड मोडलं, आणि जुळलं ते वाकडं. त्यानंतर ते घराच्या उंबऱ्याबाहेर कुबडीशिवाय गेले नाहीत. अक्का क्लबाच्या कँटीनला चपात्या लाटायला जायला लागली, सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. सराव मैदानावरच्या खोलीत पोपट राहायला आला, लग्न केलं, दारात तुळस लावली. मी दर महिन्याला अक्काकडे तांदूळ, तेल नेऊन टाकायचो आणि ती शेजारणींना सांगायची, भाऊ असावा तर असा.

दीड वर्षानं देवधर साहेब गाळ्यावर आले. आता माझ्याकडे खरोखरचा कोरा मालही असायचा. मी त्यांच्यापुढं नवी मऊ बॉलची डबी ठेवली.

"हे नको," साहेब म्हणाले. "तुझे ते तळ्यातले दे."

माझी पाचावर धारण बसली. "कुठले साहेब?"

"अरे, आता कशाला लाजतोस?" ते हसले. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लक्ष्मणनंच सांगितलं होतं. म्हणाला, साहेब, हे बॉल पाण्यातले आहेत, पण तुमचा बॉल तसाही तळ्यातच जायचा, तर तिथलाच घेतलेला स्वस्त पडेल. मला पटलं, माझ्या वयाला आणि माझ्या हाताला कशाला हवा महागाचा बॉल? वर मला म्हणाला, मेहुण्याला बोलू नका, पोरगं धडपडतंय, त्याला लाज वाटेल. कमिटीत तुझ्या गाळ्याचा विषय त्यानंच माझ्यामागं लागून काढायला लावला."

मी खालच्या फळीवरची तळ्यातली डबी काढून काउंटरवर ठेवली.

"वाईट झालं त्याचं," साहेब म्हणाले. "त्या स्पर्धेच्या सकाळी मी त्याला माझी नवी डबी देत होतो. जर्मनीहून आणलेली होती. घेतली नाही त्यानं. म्हणाला, नको साहेब, अंकुशनं माझ्यासाठी वेगळी निवडून दिलीय. मी विचारलं, खात्री आहे ना? तर म्हणाला, मी तुमच्यासमोर विचारलं की त्याला. बाहेर तो काहीही विकू दे, मला खोटं सांगायचा नाही."

साहेब डबी घेऊन गेले. पैसे ठेवून गेले की नाही तेही मला आठवत नाही.

मी गाळा उघडा टाकून अक्काच्या घरी गेलो. भर दुपार होती. अक्का कँटीनला गेली होती. दाजी दारात पोत्यावर बसून लसूण सोलत होते, तोही कँटीनचाच, किलोवर मजुरी. कुबडी भिंतीला लावलेली.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. "दाजी, त्यो बॉल..."

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. पाकळी सोलून टोपल्यात टाकली.

"कवापास्नं?"

"अठराव्याला कळलं. तवर मला गुडघाच वाटत व्हता." थोडं थांबून म्हणाले, "गुडघ्याला लई शिव्या दिल्या मी त्या दिशी."

 माझं नाक वाहत होतं, पुसायचंही सुचत नव्हतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा बाप्या त्यांच्यापुढं बसून रडत होता आणि ते लसूण सोलत होते.

"मग तुम्ही बोलला का न्हाई? मारायचं तरी मला."

"मारून काय हाड सरळ व्हतंय?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "राग आला व्हता. अजून येतो. रातीला कूस बदलायला लागली की येतोच. पर आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगायचं?"

"मी अक्काला सांगतो. आजच सांगतो. तिच्या पाया पडतो."

दाजींनी हातातला लसूण खाली ठेवला. ते एवढ्या कडक आवाजात माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"खबरदार. तिला एक अक्षर सांगायचं न्हाई. तुझं मन हलकं व्हईल, आणि तिचं काय? आई-बाप गेल्यावर तिला म्हायेर म्हणून तू एकटाच उरलायस. नवऱ्याचा पाय गेलाय, आता तिचा भाऊबी घालवू व्हय मी? तू आपला गप ऱ्हायचं. मी ऱ्हातोय तसं."

मी खाली ठेवलेला लसूण उचलून सोलायला लागलो.

दाजी त्यानंतर तीन वर्षं जगले. त्यांनी शब्द पाळला, मीही पाळला. मी तळ्यात उतरायचं सोडलं, दुकान वाढवलं, अक्काला माझ्या घराशेजारी दोन खोल्या बांधून दिल्या. गावात माझं नाव निघतं.

दर भाऊबीजेला ती मला पाटावर बसवते. आता तिचे हात थरथरतात, तरी ताट दोन्ही हातांनी धरून सावकाश ओवाळते. आणि दरवर्षी न चुकता म्हणते, "असा खाली काय बघतोस रं अंकुश? ओवाळताना बहिणीच्या तोंडाकडं बघावं."